श्रद्धांजलीवर जीएसटी नाही

२४ सप्टेंबर २०२० रोजी हार्ले-डेव्हिडसनने भारतातला कारखाना आणि विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी महाराष्ट्रात हार्लेप्रेमींचं अमाप पीक आलं. टाळेबंदीची पकड पुरती सुटलेली नव्हती, मंडळी घरात बसून कंटाळली होती, त्यात हे दुःख आयतं दारात आलं. ज्यांची हयात डबलसीट ॲक्टिव्हावर गेली, त्यांनीही प्रोफाइलचा फोटो काळा केला. "एका युगाचा अंत" असं त्या रात्री इतक्या जणांनी लिहिलं की आपण मुळात सुरू कधी झालो होतो, असा प्रश्न त्या युगालाच पडला असावा.

कंपनीचा हिशेब मात्र कोरडा होता. २०१९-२० या आर्थिक वर्षात देशभरात मिळून अडीच हजारही हार्ले खपल्या नव्हत्या. पुढच्या एप्रिल ते जून या तिमाहीत खपल्या त्या शंभरेक. नावाजलेल्या मिसळवाल्याकडे एरवी रविवारी सकाळी याहून जास्त माणसं नंबर लावून उभी असतात. रडायला एवढी गर्दी होती, तर घेणारे गेले होते कुठे?

कुठेही गेले नव्हते. ते घेणारच होते.

'घेणारच होतो' हा आपल्याकडचा सर्वांत मोठा ग्राहकवर्ग आहे. तो शोरूममध्ये जातो, गाडीवर बसून फोटो काढतो, सेल्समनकडून पाणी आणि माहितीपत्रक घेतो, "मायलेज काय देते?" असं विचारतो आणि उत्तर ऐकून घरी येतो. हार्ले बंद झाल्याचं कळताच यातल्या प्रत्येकाने घरात जाहीर केलं, की यंदा दिवाळीला घेणारच होतो. स्वयंपाकघरातून "वाचलो!" एवढाच प्रतिसाद आला. या वर्गाचं एक बरं असतं. गाडी चालू असते तोवर ती परवडत नाही. बंद पडली की ती नेमकी परवडणार असते.

हार्लेचा आणि आपला संबंध जुळला तोच मुळी हापूसच्या पेटीवर. अमेरिकेने अठरा वर्षं भारतीय आंब्याला दार बंद ठेवलं होतं, आणि आपण धुराच्या नियमांवर बोट ठेवून त्यांच्या मोटारसायकली बाहेर थांबवल्या होत्या. २००७ मध्ये दोन्ही सरकारांनी देवाणघेवाण केली. आंब्याला विकिरणाची प्रक्रिया हवी, ही अमेरिकेची अट होती. त्यासाठी आपला हापूस गेला लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने मूळ कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. कांद्याच्या बाजारपेठेतून शुद्ध होऊन आंबा न्यूयॉर्कला उतरला आणि बदल्यात इकडे हार्लेचा रस्ता मोकळा झाला. २०१० पासून विक्री सुरू झाली, २०११ मध्ये हरियाणातल्या बावलला जुळणीचा कारखाना आला, आणि दहा वर्षांत सगळं आटोपलं. साथीचा खंड सोडला तर हापूस अजूनही जातोच आहे. त्या व्यवहारात कोण जिंकलं, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. तो तरीही म्हणेल, की भाव काही मिळाला नाही.

तर त्या दिवसांत जे शोकाकुल पाहायला मिळाले, त्यांचे काही ठळक प्रकार नोंदवून ठेवतो. पुढच्या कंपनीच्या वेळी उपयोगी पडतील.

पहिले खरे मालक. हे संख्येने थोडे आणि आवाजाने एकदम बंद. एरवी रविवारी पहाटे लोणावळ्याला नाश्त्याला जाताना यांच्या धडधडाटाने आख्खी सोसायटी जागी व्हायची. याच आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून हार्लेने १९९४ मध्ये अमेरिकेत अर्ज केला होता आणि २००० मध्ये तो मागे घेतला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं असतं तर पहिल्याच बैठकीत निकाल लागला असता. हे मालक म्हणजे हार्ले ओनर्स ग्रुपचे सभासद. कोकणातल्या दमट उन्हात चामड्याची काळी जाकिटं घालून गोव्याला जाणारे, एकमेकांना 'ब्रदर' म्हणणारे. बातमी आली त्या रात्रीही ब्रदरने ब्रदरला फोन केला. "अरे, तुझ्याकडे जादाचे ब्रेक पॅड आहेत ना?" ब्रदर म्हणाला, "होते." कंपनीने सेवा चालू राहील असं सांगितलं होतं, पण सेकंडहँडच्या बाजाराला कंपनीची पत्रकं वाचायची सवय नसते.

दुसरे बुलेटवाले. यांना दुःख झालं, पण ते चेहऱ्यावर यायला तयार नव्हतं. "आम्ही म्हणत होतोच," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि तेच शेवटचं. वर इतिहासाचा दाखला: रॉयल एनफिल्डची विलायतेतली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बुडाली, पण मद्रासमध्ये १९५५ पासून बनणारी बुलेट चालतच राहिली. म्हणजे साहेब गेला आणि त्याची गाडी आपण चालवून दाखवली. हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या गाडीखाली तेलाचे चार थेंब पडलेले असतात, ते ते बुटाने पुसतात.

तिसरे अर्थतज्ज्ञ. यांचं म्हणणं, सगळा दोष आयातकराचा. डोनाल्ड ट्रम्प यांनी याच कराबद्दल जाहीर कुरकुर केली होती आणि २०१८ च्या फेब्रुवारीत भारताने तो पन्नास टक्क्यांवर आणला. आता गंमत अशी, की आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारी हार्ले म्हणजे स्ट्रीट ७५०. ती बावलच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. तयार गाडीवरचा तो कर तिच्या वाटेला येतच नव्हता. पण दोन देशांचे प्रमुख एखाद्या विषयावर बोलले, की कट्ट्यावर त्यात हिशेब आणायचा नसतो.

चौथे सूट शोधणारे. हे अत्यंत भावनाशील. सकाळी श्रद्धांजली, दुपारी डीलरला फोन. "फार वाईट झालं हो. मला तर रात्रभर झोप नाही. बरं, स्टॉक किती उरलाय आणि शेवटची किंमत काय?" डीलरांनी उरलेल्या स्ट्रीटवर भरघोस सूट दिली, तेव्हा या मंडळींचे अश्रू हळूहळू थांबले. ज्यांना सूट पुरेशी वाटली नाही, ते अजूनही अधूनमधून रडतात.

पाचवे सोसायटीतले काका. यांच्याकडे प्रत्येक मरणावर स्वतःच्या घरचं जुनं मरण तयार असतं. "तुमच्या हार्लेचं काय घेऊन बसलात, आमची चेतक गेली तेव्हा..." आणि मग १९७२ पासून सुरुवात. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर लवकर मिळायची, मुलीच्या लग्नात आहेर म्हणून नंबर द्यायचे, सकाळी तिरकी करून किक मारायची. सगळं खरं आहे. बजाजने स्कूटर बनवणंच बंद करायचं ठरवलं, हे डिसेंबर २००९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा मुलाच्या या निर्णयाचं वाईट वाटल्याचं खुद्द राहुल बजाज यांनी उघडपणे बोलून दाखवलं होतं. आकुर्डीपासून आटपाडीपर्यंत लोक हळहळले. फक्त एक तपशील काका सांगत नाहीत. चेतकचं उत्पादन त्याच्या काही वर्षं आधीच थांबलं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. काकांच्या तर नाहीच. तोपर्यंत त्यांनी होंडा घेतली होती.

एवढं सगळं होत असताना हार्लेबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. ही कंपनी या कामात नवखी नव्हती. २००९ च्या ऑगस्टमध्ये तिने भारतात येत असल्याचं सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःच्याच घरातला ब्युएल हा ब्रँड बंद केला. एरिक ब्युएल हे हार्लेतलेच जुने इंजिनियर. पेट्रोल चेसिसच्या आत आणि इंजिनचं तेल मागच्या स्विंगआर्ममध्ये साठवणाऱ्या विक्षिप्त, हुशार गाड्या त्यांनी बनवल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेटोना स्पोर्टबाइक मालिकेचं विजेतेपद ब्युएलच्या गाडीने जिंकलं होतं. बक्षीस म्हणून कारखान्याला टाळं मिळालं. तिकडेही चाहते हार्लेच्या नावाने बोटं मोडत राहिले, आणि तिकडेही उरलेल्या ब्युएल स्वस्तात मिळतायत म्हटल्यावर शोकाकुलांनी शोरूमचा रस्ता धरला. माणूस विस्कॉन्सिनचा असो नाहीतर वाकडचा, दुःखात तो भाव करतोच.

पुढे ब्युएल यांनी स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढली. तिचा जवळजवळ निम्मा हिस्सा २०१३ मध्ये आपल्या हीरोने अडीच कोटी डॉलरला घेतला, आणि २०१५ मध्ये तीही बंद पडली. या अनुभवाने शहाणं होऊन हीरोने काय केलं? २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हार्लेशीच करार केला. या फेऱ्यात लक्षात आलं नसेल तर पुन्हा सांगतो: हार्लेने टाकलेलं आधी हीरोने उचललं, आणि नंतर भारत टाकून निघालेली हार्लेच हीरोने उचलली. अशा उदार घराण्याचा सत्कार व्हायला हवा.

म्हणजे हार्ले गेली म्हणून जे रडले, त्यांना जेमतेम महिनाभर रडायला मिळालं. २७ ऑक्टोबरला ती परत येण्याची बातमी आली. आता आनंद व्हायला हवा होता. २०२३ च्या जुलैमध्ये हीरोने बनवलेली हार्ले एक्स ४४० दोन लाख एकोणतीस हजारांपासून बाजारात आली. ज्यांना दहा वर्षं हार्ले परवडत नव्हती, त्यांच्या आवाक्यात ती आली. तेव्हा हीच मंडळी काय म्हणाली?

"ही काय हार्ले आहे का?"

सिलिंडर एकच. आवाज तो नाही. राजस्थानात बनते. आणि मुख्य आक्षेप, जो कुणी मोठ्याने बोलत नाही: शेजाऱ्यालाही परवडते. जी गाडी शेजाऱ्याला परवडते तिच्यावर प्रेम करायला फार मोठं मन लागतं. पंचवीस हजारांवर लोकांनी पहिल्या फेरीत नोंदणी केली, ते गाडी चालवायला मोकळे झाले. शोकसभेत त्यांच्यापैकी कुणी बोललेलं आठवत नाही.

हे हार्लेपुरतं नाही. म्हैसूरची येझ्दी १९९६ मध्ये बंद पडली. दोन सायलेन्सर, आणि किक नि गिअर एकाच दांड्यात, असली अफलातून गाडी. पाव शतक तिच्या नावाने गळे काढले गेले. जावा २०१८ मध्ये आणि येझ्दी २०२२ मध्ये परत आली, तेव्हा तक्रार अशी, की धूर नाही. जो धूर मागे चालणाऱ्यांनी वीस वर्षं गिळला, तो नसल्याचं दुःख! चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली. काका ती पाहायला मुद्दाम गेले, सभोवार फिरले, हात लावला आणि म्हणाले, "पण ही तिरकी करावी लागत नाही." खेदाने म्हणाले. यामाहाच्या आरएक्स १०० चं तर आणखी पुढचं. ती १९९६ मध्ये थांबली. आज तिच्यासाठी सर्वांत जास्त हळहळणारी पोरं तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कोल्हापुरात नीट ठेवलेली एखादी आरएक्स विकायला काढून बघा, तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट रोख घेऊन माणसं दारात येतील. तेवढ्यात नवी, वॉरंटीवाली गाडी येते, असं त्यांना सांगायला जाऊ नका. मार खाल.

हे सगळं गमतीत घेता येतं, कारण आपलं काही गेलेलं नसतं. ज्यांचं गेलं ते त्या रात्री पोस्ट टाकत नव्हते. हार्लेच्या त्या निर्णयाने कंपनीतल्या सुमारे सत्तर जणांच्या नोकऱ्या गेल्या. देशभरात तीसेक डीलर होते. त्यांनी कर्ज काढून, कंपनीला हवी तशी फरशी, हवे तसे दिवे आणि हवी तशी कॉफीची यंत्रं लावून शोरूम उभ्या केल्या होत्या. त्यांच्याकडे काम करणारे सेल्समन, वर्कशॉपमधले मेकॅनिक, ज्यांनी त्या एकाच गाडीची हत्यारं आणि तिची नस शिकून घेतली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी कुठे जायचं हा प्रश्न होता. 'एका युगाचा अंत' हे त्यांनी लिहिलं असतं तर शोभलं असतं. त्यांना तेवढी फुरसत नव्हती.

बाकीच्यांचं रडणं चुकीचं होतं असं माझं म्हणणं नाही. ते स्वस्त होतं, एवढंच. तेव्हा ३५० सीसीवरच्या गाडीला सेस धरून एकतीस टक्के जीएसटी लागायचा, रोड टॅक्स वेगळा, विमा वेगळा, बायकोला समजावणं वेगळं. श्रद्धांजलीला यातलं काहीच लागत नाही. म्हणून आपल्याकडे गाडीची मागणी ती बंद झाल्यावर सर्वोच्च असते. एखाद्या हुशार कंपनीने हे ओळखून गाडी आणण्याआधीच ती बंद करत असल्याचं जाहीर करावं. नोंदणी आवरणार नाही.

तोवर वाचकहो, एक विनंती. एखादी गाडी मनापासून आवडत असेल, तर ती शोरूममध्ये उभी आहे तोवर जा, चालवून बघा आणि परवडत असेल तर चेक फाडा. परवडत नसेल तर त्यात काही कमीपणा नाही, फक्त ती बंद पडल्यावर 'घेणारच होतो' म्हणू नका. आणि नुसता फोटो काढायला गेलात, तरी तिथल्या सेल्समनशी नीट बोला. उद्या कंपनी गेली तर तुमचं एक स्वप्न जाईल, त्याचा पगार जाईल.