सहज सुचलेला आकडा

एक ते दहामधला कुठलाही आकडा सांगा म्हटलं, की माणूस क्षणभर छताकडे बघतो आणि बहुधा सात म्हणतो. एक आणि दहा टोकाचे, पाच अगदीच मधला, सम आकडे जरा जास्तच सरळमार्गी. म्हणजे ‘कुठलाही’ आकडा काढतानासुद्धा आपण चक्क विचार करतो. पासवर्डचीही तीच गत: कुलदैवत, ॲटचं चिन्ह, एक-दोन-तीन. चोराला फार डोकं चालवावं लागू नये, ही काळजी आपणच घेतो.

मग हे काम संगणकावर सोपवावं, तर तो बिचारा आणखी अडचणीत. सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा पिंड. सूत्र आणि सुरुवातीचा आकडा हाती लागला, की त्याने ‘सहज’ काढलेले पुढचे सगळे आकडे कुणीही घडाघडा म्हणून दाखवावेत. १९९५ साली नेटस्केप ब्राउझरच्या गुप्त किल्ल्या घड्याळातली वेळ आणि प्रोसेसचे क्रमांक यांतून निघत होत्या. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते बरोबर हेरलं.

लिनक्सचा तोडगा मला फार आवडतो. कळ नेमकी कधी दाबली गेली, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ लावला, असल्या वेळांचा चुरा कर्नल गोळा करतो, घुसळतो आणि त्यातून मागाल तितके बाइट काढून देतो. टर्मिनलवर ‘हेड -सी ३२ /डेव्ह/युरँडम’ लिहायचं, पुढे उभी रेघ मारून ‘बेस६४’ जोडायचं, की ४४ अक्षरांची, कुणाच्याही कुलदैवताशी संबंध नसलेली ओळ हजर. रेघ आणि बेस६४ गाळलंत, तर पडद्याच्या अंगात येतं: चौकटी, प्रश्नचिन्हं, अगम्य खुणा, मधूनच एखादी ‘टिंग’.

पूर्वी हा चुरा पुरेसा जमला नाही, तर किल्ली बनवणारा जीपीजी अडून बसायचा आणि नम्रपणे सुचवायचा, जरा कीबोर्ड बडवा, माउस हलवा. ऑफिसात बसून उगाच माउस फिरवणं हे कर्तव्य ठरावं, असा तो एकमेव प्रसंग. आता नव्या कर्नलमध्ये एकदा सुरुवातीची भर पडली, की असं थांबावं लागत नाही. प्रगतीच म्हणायची.

या चुऱ्याची किंमत डेबियन या लिनक्सच्या वाणाला नीट कळली. २००६ साली किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलच्या कोडमधल्या एका ओळीबद्दल तपासणीचं साधन कुरकुरत होतं, न भरलेली मेमरी वापरली जातेय म्हणून. साफसफाईच्या सद्हेतूने ती ओळ बंद केली गेली. पण तिच्यासोबत खरा चुराही बाहेर गेला, आणि बदलतं असं उरलं ते फक्त प्रोसेसचा क्रमांक. असे क्रमांक जेमतेम ३२ हजार. २००८च्या मे महिन्यात बोभाटा झाला, तोवर कित्येक सर्व्हर आपल्या कुलपाची किल्ली अब्जावधींत एक आहे या समजुतीत शांत झोपले होते. आणि गंमत म्हणजे त्या किल्ल्या दिसायला अगदी अगम्य होत्या. नुसतं बघून कुणाला काडीचाही संशय आला नसता.

उलट अस्सल माल कधीकधी संशयास्पद दिसतो. युरँडमने एखाद्या दिवशी सुरुवातीलाच ‘७७७’ दिलं, तर माणूस म्हणतो, छे, हे बरोबर वाटत नाही, आणि पुन्हा एंटर दाबतो. मग तो आपल्याला पटेल इतकी विस्कटलेली ओळ येईपर्यंत दाबतच राहतो.