कार्डिफची ती तिघं

अहो वहिनी, स्पीकर बिघडला नव्हता काल रात्री, गाणंच तसं आहे! मध्येमध्ये त्यात काही वाजतच नाही. 'यंग मार्बल जायंट्स' म्हणून बँड होता, वेल्समधल्या कार्डिफचा. नावावरून पहिलवान वाटतील, पण होती आपली साधी तीन पोरं. नाव म्हणे ग्रीक पुतळ्यांवरच्या कुठल्याशा मजकुरातून उचललेलं.

थांबा हो, खरी मजा पुढेच आहे. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम, सख्खे भाऊ. थोरला गिटारवर, धाकटा बेसवर. १९७८ साली थोरल्याच्या मनात आलं, स्वतःची गाणी लिहायची आणि गायचीही आपणच. तर धाकटा अडून बसला: ॲलिसन गाणार असेल तर मी येतो. ॲलिसन स्टॅटन, म्हणजे त्याची मैत्रीण! झालं. लिहिणार थोरला आणि गाणार धाकट्याची मैत्रीण. थोरल्याला ते खुपलंच, पुढे त्यानं ते लपवलंही नाही. पण वहिनी, तुम्हीच सांगा, धाकट्याचं काय चुकलं? ती गाते ती अशी, की ओट्याशी उभी राहून कुणी स्वतःशीच गुणगुणतंय. गळा काढणं नाही, लाडिकपणा नाही. थोरला स्वतः गायला असता तर हा बँड आज मला माहीतही नसता, पैज लावते.

ड्रमर? तो नव्हताच. पीटर जॉइस म्हणून यांच्या नात्यातला एक, त्यानं ठोके देणारं यंत्र घरीच जोडून दिलं. ते ठोके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि स्टेजवर सरळ कॅसेट लावायची. आमचे हे म्हणतात, पैसे नव्हते म्हणून. असेलही. पण पंकवाल्यांनी नुकता एवढा धिंगाणा घातलेला असताना हळू वाजवायलाही छाती लागते की!

गिटारकडे जरा लक्ष द्या पुढच्या वेळी. स्टुअर्ट तळहाताची कड तारांवर टेकवून ठेवतो, त्यामुळे सूर उमटतो नि लगेच दबतो. टुक्, टुक्. मध्ये जी जागा उरते तिथे फिलिपचा बेस येतो, आणि चाल बऱ्याचदा तोच वाहून नेतो. रुसवेफुगवे काय असतील ते असोत, वाजवताना दोघे एकमेकांच्या पायात येत नाहीत.

'कलॉसल यूथ' हा त्यांचा एकुलता एक अल्बम. लंडनच्या 'रफ ट्रेड'नं काढला, १९८० साली. वेल्समधल्याच फोएल स्टुडिओत पाच दिवसांत उरकला. पाच दिवसांत आमच्या घरी फराळ होत नाही! पण मला विचाराल तर त्याच वर्षीचं 'फायनल डे' त्याहून सरस. अणुयुद्धाचं गाणं, दोन मिनिटंसुद्धा नाही. मागे एक बारीक सूर सुरू होतो तो थांबतच नाही. अंगावर काटा येतो, आणि ही बाई त्यावर भाजीचा भाव सांगावा तशी गाते.

मग अमेरिकेचा दौरा केला नि त्या वर्षाच्या अखेरीस मोडलंच सगळं. 'टेस्टकार्ड' ही सहा तुकड्यांची नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड त्यानंतर आली, १९८१मध्ये. टीव्हीवर कार्यक्रम नसताना चित्र लावून संगीत वाजवायचे ना, त्याच्या प्रेमापोटी केलेली.

आता ऐका, स्टुअर्ट पुढे कुठे सापडला! 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' सिनेमा आठवतो? त्याच्या कार्टूनची चित्रं रंगवणाऱ्यांत हा होता. आणि ॲलिसन? ती मणक्यांवर उपचार करायला शिकली. हो हो, तुमच्या कंबरेसारख्यांवरच!

इकडे 'निर्वाणा' बँडचा कर्ट कोबेन यांच्यावर फिदा होता. आवडत्या अल्बमांच्या यादीत त्यानं 'कलॉसल यूथ' घातला होता. त्याच्या बायकोच्या 'होल' बँडनं १९९४ला त्यातलंच एक गाणं घेतलं आणि असं दणाणून वाजवलं, की मूळ गाणं ओळखायला मला वेळ लागला. वाईट नाही म्हणत मी. पण जागाच ठेवली नाही हो कुठे.

२००७ला ही मंडळी हे-ऑन-वायच्या महोत्सवात पुन्हा एकत्र आली, नंतरही अधूनमधून वाजवत राहिली. नवा अल्बम मात्र नाहीच. आमचे हे अजून हळहळतात. मी म्हणते, बरं झालं! द्या तो मोबाइल इकडे, 'फायनल डे' लावून देते. आणि आवाज वाढवत बसू नका, वाढवून त्यात काही जास्त ऐकू येत नाही.