व्यायामाचा जोडीदार : निवड, वापर आणि निगा

व्यायामाला लागणारं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे दुसरा माणूस. बूट, ट्रॅकसूट, पावलं मोजणारं घड्याळ ही सगळी आपल्याच पक्षाची असतात. सकाळी साडेपाचला आपण कूस बदलून झोपलो तर ती हूं की चूं करत नाहीत. जोडीदार मात्र पर्वतीच्या पायथ्याशी उभा राहून फोन करतो. ‘‘निघालास का?’’ ‘‘हे काय, बूटच घालतोय,’’ असं आपण पांघरुणाच्या आतून सांगतो. एकदा हे वाक्य तोंडातून गेलं की खरोखरच बूट घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तब्येतीच्या काळजीनं कुणी गादीवरून उठल्याचं ऐकिवात नाही; भिडेपोटी मात्र भलेभले उठतात.

याला शास्त्राचा आधार आहे. 1920 च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्याला, मग जोडीनं. जोडीचं वजन असं की एकानं हात टेकले तर दुसऱ्यालाही थांबावं लागे. तेव्हा असं दिसलं की जोडीतला कच्चा गडी एकट्यानं टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. आपल्यापायी दुसऱ्याचं अडलेलं त्याला बघवत नाही. पण हा चमत्कार दोघांतला फरक मध्यम असेल तेव्हाच नीट घडतो. दोघं सारखेच असले तर कुणाला कुणाची लाज नाही, आणि फरक जमीन-अस्मानाचा असला तर कच्चा गडी सुरुवातीलाच नाद सोडतो.

तेव्हा जोडीदार आपल्याहून किंचितच बरा बघावा. पोट आपल्यापेक्षा दोन बोटं आत, एवढं पुरे. मॅरेथॉनचं पदक प्रोफाइलला लावणारा नको. नवरा किंवा बायको हा जोडीदार म्हणून सर्वथा वर्ज्य. एकतर तिथं भीड संपून वर्षं झालेली असतात, आणि ‘‘अहो, गॅस बंद केला होता ना?’’ या प्रश्नावर व्यायाम अर्ध्यातून मोडतो. शेजारी चालेल, मात्र सोसायटीच्या कमिटीवरचा नसावा. टेकडी संपते, पाण्याच्या टाकीचा विषय संपत नाही. तालमीतल्या पोरांना ही निवडीची कटकट नसते. कोल्हापुरात वस्ताद ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्याशी हौद्यात उतरायचं, आवडनिवड विचारतो कोण! आणि जोडीदार एकच असावा. चौघं झाले की मंडळ होतं, मग अध्यक्ष, मग वर्गणी, मग वर्षासहल. व्यायाम तेवढा मागे राहतो.

आता प्रत्यक्ष वापर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही, अशी अवस्था. ही परीक्षा एकट्यानं द्यायची तर लोक वळून बघतात. जोडीदार असला की त्याला भाडेकरूविषयी विचारावं आणि तो बोलत असताना आपल्याकडे लक्ष ठेवावं. आपले प्रतिसाद ‘‘हं’’वर आले असतील तर वेग जास्त झाला. आपण त्याचं वाक्य मधेच तोडून स्वतःच्या भाडेकरूचं सांगू शकलो, तर वेग योग्य. जोडीदार नाट्यगीत आळवू लागला तर वेग वाढवावा. त्यानंही फरक पडला नाही तर जोडीदार बदलावा.

चढणीवर धाप लागते, पण ती बोलून दाखवायची नसते. पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेत, त्यांतल्या चाळिसाव्या-पन्नासाव्या पायरीवर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधावी. आपण खाली वाकलो की जोडीदारही कठड्याला टेकून सारसबाग कुठे दिसते ते शोधू लागतो, त्यावरून त्याचीही अवस्था कळते. आपण विचारू नये, त्यानं सांगू नये. नाडी दोनदा बांधून झाली आणि अजून जीव ठिकाणावर नसेल तर इतिहासाचा आधार घ्यावा. ‘‘हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 ला बांधलं ना?’’ एवढं विचारून गप्प राहावं. पुण्याचा जोडीदार असेल तर पानिपतापर्यंत येतोच, आणि पाच-सात मिनिटांची निश्चिंती होते. मात्र पानिपताच्या धक्क्यानंतर नानासाहेब 1761 मध्ये इथंच, याच टेकडीवर वारले, हा भाग बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्याला उतरताना सांगावा.

सुट्टीचे नियम आधीच ठरवून घ्यावेत. न येण्याची वर्दी रात्री नऊच्या आत द्यावी. पहाटेचा पाऊस हे कारण दोघांच्याही गल्लीत पाऊस पडत असेल तरच ग्राह्य. ‘‘रात्री पाहुणे होते’’ हे महिन्यातून एकदा चालतं. ‘‘गजर वाजलाच नाही’’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून गजराच्या आधी फोन करावा.

राहता राहिली निगा. वर्ष-सहा महिन्यांत जोडीदार सुधारू लागण्याचा धोका असतो. तो पायऱ्यांवर नाडी बांधायला थांबेनासा होतो, साखर सोडतो, दुपारीही चालतो म्हणतो. दोघांतला फरक मध्यम राहिला पाहिजे हे कोलरचं म्हणणं इथं आठवावं आणि वेळ न दवडता त्याला रविवारी मिसळ खायला न्यावं. पाव जास्तीचे सांगावेत, तर्री दुसऱ्यांदा मागवावी, तो नको-नको म्हणाला तरी वाढावी. बिल आपण द्यावं.