हिरवा दिवा आणि टाँग टेस्टर

वांद्रे पूर्वेला महावितरणचं मुख्यालय आहे, ‘प्रकाशगड’. जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारी ही कंपनी वांद्र्याच्या घरांना मात्र वीज देत नाही. ती येते अदानींकडून, काहींकडे टाटांची. बिल बघून कोणाच्या नावानं बोटं मोडायची, एवढं तरी स्वातंत्र्य वांद्रेकरांना आहे.

या तिन्ही कंपन्यांना जे जमलं नाही, ते तळहाताएवढ्या एका प्लॅस्टिकच्या डब्याला जमतं म्हणे. सॉकेटात खोचला की हिरवा दिवा लागतो आणि बिल 40 टक्के उतरतं. हिरवा दिवा लागतो, याची खात्री मीही देतो.

विक्रेता पुरावाही देतो. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर छोटी मोटर चालू असते, वायरीभोवती प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर. आकडा 0.8 अँपिअर. डबा खोचला, 0.4! सेक्रेटरी टाळी वाजवतात आणि तिथंच वर्गणी काढून ठराव होतो.

आकडा खोटा नसतो, म्हणून तर फसायला सोपं जातं. डब्यात असतो कंडेन्सर, पंख्यात असतो तसलाच. मोटर कामापुरत्या विजेखेरीज आणखी थोडा प्रवाह मागते आणि परत करते. वाहतो खरा, पण खर्च होत नाही. ही देवघेव कंडेन्सर जागच्या जागी करतो, त्यामुळे अँपिअर घटतात. पण 230 व्होल्टवर 0.8 अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (प्रवाहातला कामी येणारा वाटा) 0.5 म्हणजे 92 वॉट, 0.4 अँपिअर आणि पॉवर फॅक्टर 1, तरी 92 वॉटच. घरगुती बिल युनिटवर येतं, अँपिअरवर नाही. उलट त्या हिरव्या दिव्याचा खर्च तेवढा वाढतो. काय मोजायचं हे विकणाऱ्यानं ठरवलं, तिथंच निकाल लागला.

धोरणी विक्रेता ऑक्टोबर सरता सरता येतो. नोव्हेंबरात एसी बंद होतात, बिल आपोआप उतरतं आणि श्रेय डबा घेतो. मे महिन्यात विचारलंत, तर ‘अर्थिंग बरोबर नाही तुमचं’.

यात आपणच भोळे असं मात्र समजू नका. इटलीत आंद्रेआ रोस्सी यांनी 2011 मध्ये बोलोन्यात ‘ई-कॅट’ नावाचं, घातलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा देणारं म्हणून एक यंत्र दाखवलं, तेव्हा बघायला प्राध्यापक मंडळी होती. आत किती पाणी गेलं ते मोजलं. सगळ्याची कोरडी वाफ झाली असं धरलं आणि ऊर्जेचा हिशेब फुगला. वाफेबरोबर पाणीही बाहेर पडत असलं, तर तो हिशेब तिथंच कोसळतो. यंत्र उघडून बघायची परवानगी नव्हती. ते व्यवसायाचं गुपित! तमिळनाडूच्या रामर पिळ्ळैंनी 1996 मध्ये झाडपाल्याचं पेट्रोल करून दाखवलं, तेव्हाही भले भले भुलले होते. फसवणुकीबद्दल त्यांना न्यायालयाची शिक्षा झाली 2016 मध्ये. निकालाची एवढी वाट बघायची, तर आपल्या हिरव्या दिव्याला 20 वर्षांची वॉरंटी कोण देतो?

तेव्हा एवढं करा. तुमच्या वीजमीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तेही मीटरवरच छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त एक पंखा लावा. दहा मिनिटं लुकलुक मोजा; मग डबा खोचून पुन्हा दहा मिनिटं. तेवढा वेळ विक्रेत्याला आदरानं चहा पाजा, पण मीटररूमपासून लांब बसवून. आणि पैसे दुसरी मोजणी झाल्यावरच द्या.