दोन हॉर्सपॉवरचं फडकं

अवसरी बुद्रुकच्या एखाद्या बंगल्यात वाफेनं फरशी पुसायचा मॉप आला, तर नवल वाटून घ्यायचं कारण नाही. डिंभे धरणाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं बिबट्या आला. मग एखाद्या वर्षी कांद्याला भाव आला आणि तेवढ्या वर्षात बंगले उभे राहिले. बंगल्याच्या हॉलमध्ये तोंड दिसेल अशी टाइल बसली. तिच्यावर डाग पडू नये म्हणून घरातली सगळी माणसं तेव्हापासून पडवीत बसतात. चहा पडवीत, भाकरी पडवीत, भांडणही पडवीतच. हॉल उघडायचा तो साखरपुड्याला, नाहीतर पुढारी आला तर. अशा फरशीवर बिचारे जंतू तरी कुणाच्या भरवशावर जगणार? पण त्यांना मारायला आता पंधराशे वॉटचं यंत्र आलंय आणि ते पाच-दहा हजारांना पडतं.

यंत्र आलं की आधी त्याची पूजा. दांड्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, नारळाचं पाणी टाइलवर सांडतं. यंत्र तापायला वेळ असतो, म्हणून ते पाणी आई जुन्या फडक्यानं पुसून घेते. मग घरचे मालक स्वतः प्लग लावतात, हॉलच्या मधोमध एक पट्टा मारून दाखवतात, "बघा, वाकायचं कामच नाही" असं जाहीर करतात आणि दांडा सुनेच्या हातात देऊन मंचरला निघून जातात.

यंत्राचं शास्त्र खोटं नाही. पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून दीड हजार वॉट खाऊनही मिनिटाला तीस-पस्तीस मिलिलिटर पाण्याचीच वाफ होते आणि अर्ध्या लिटरची टाकी पाव तासात रिकामी. हे गणित शेजारच्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला कुठलाही पोरगा करून देईल. त्याच्या खोलीवर फरशी शेवटची कधी पुसली, एवढं मात्र त्याला विचारू नका.

माहितीपुस्तिका सहसा कुणी वाचत नाही, पण वाचण्यासारखी असते. मॉप धूळ उचलत नाही, म्हणून आधी केर काढा. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतो, तोच तो गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर, म्हणून शुद्ध पाणी घाला. पॉलिश किंवा सीलर नसलेल्या दगडावर वाफ मारू नका. म्हणजे जुन्या घरातली शहाबादी बाद, कारण ती पाणी पिते. जंतू खरोखर मरायला हवे असतील तर एका जागी काही सेकंद धरून ठेवा; नुसतं सरकवत गेलात तर त्यांना शेक मिळतो एवढंच. काम झालं की यंत्र निवू द्या, टाकी रिकामी करा, पॅड काढून धुवा, वाळत घाला. थोडक्यात, आधी झाडायचं, शेवटी धुवायचं, आणि मधल्या पाव तासात यंत्र सगळं काम करतं.

आता याच मॉपची कोरियातली गोष्ट. तिथं जोडे बाहेर काढून घरात वावरतात, फरशीला खालून ऊब दिलेली असते आणि ती गुडघे टेकून पुसायची रीत. शिक्षण खात्यात अधिकारी राहिलेल्या हान क्योंग-ही या बाईंना त्या गुडघ्यांचा कंटाळा आला. 1999 साली त्यांनी कंपनी काढली, पैसे कमी पडले तेव्हा घर गहाण टाकलं आणि वाफेचा मॉप बाजारात आणला. तो खपला आणि बाई जगभर नावाजल्या. आपल्या तालुक्यातल्या बायकांच्या गुडघ्यांना असं काही सुचलं नसेल असं नाही. गहाण टाकायला घर त्यांच्या नावावर नव्हतं.

आपल्याकडं यंत्राचा कायदाच वेगळा आहे. जात्यावर दळत होती बाई. विजेची गिरणी आली आणि गिरणीवाला पुरुष झाला. हंड्यानं पाणी आणत होती बाई. विहिरीवर मोटर बसली आणि स्टार्टर पुरुषाचा झाला. गाईची धार काढते बाई. डेअरीत किटली घालायला आणि दुधाचा पगार उचलायला गाडीवरून जातो पुरुष. खुरपणी बाईची, तणनाशकाचा पंप आला की पाठीवर तो पुरुषाच्या. कांदा लावायचा बायकांनी, काटायचा बायकांनी, आणि मंचरच्या मार्केटात दहा किलोला काय भाव फुटला हे सांगायचं पुरुषानं. घराबाहेर यंत्र आलं की काम पुरुषाचं होतं आणि कामाबरोबर हिशेबही त्याच्याच खिशात जातो.

पण तेच यंत्र उंबरा ओलांडून आत आलं की कायदा उलटा फिरतो. मिक्सर बाईचा, वॉशिंग मशीन बाईचं, मॉप बाईचा. बावीस बटणांचा ट्रॅक्टर अंधारात चालवणाऱ्या माणसाला वॉशिंग मशीनचं एक बटण सापडत नाही.

पुरुषाच्या हाताला झाडू लागतच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. गाडगेबाबा (1876–1956) गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या नावानं 2000-01 पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं. तपासणीची समिती येणार असली की गावोगाव कडक इस्त्रीतली मंडळी नवेकोरे खराटे घेऊन उभी राहतात. फोटो निघेपर्यंत कुणाची कंबर दुखत नाही. बाबांचं कीर्तन झाडण्यानंतर असायचं, आता भाषण आधी होतं आणि झाडायचं राहून जातं.

तेव्हा माझी एक सूचना आहे. 746 वॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर; पंधराशे वॉटचा हा मॉप सरळ सरळ दोन हॉर्सपॉवरचा भरतो. कंपन्यांनी खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र छापून त्याचं नुकसान केलंय. ते काढा. मोठ्या आकड्यात '2 एचपी' छापा, दांड्याला लाल रंग द्या, आणि भांड्यांच्या दुकानातून उचलून मंचरच्या कृषी सेवा केंद्रात फवारणी पंपाशेजारी उभा करा. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अनुदान ठेवा, अर्जाला सातबारा अन् आठ-अ जोडायला लावा. मग बघा, पारावर 'तुझा किती बारचा' याच्यावर वाद रंगतात की नाही. कोण शर्यतीच्या घाटातल्या बैलगाड्यासारखा सेकंदात हॉल पुसून दाखवील, कोण शेजाऱ्याचा मागून आणून बिघडवून परत देईल. पण पुसेल.

अनुदान मिळेपर्यंत ज्यांनी मॉप घेतलाय त्यांच्यासाठी एवढंच. टाकीत पाणी भरताना प्लग काढून ठेवा, वाफेनं हात भाजतो. आणि पॅड ज्यानं घाण केला, त्यानंच धुवायचा.