दोनच पेडलांची पंचाईत

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, एवढी ओळख पूर्वी पुरायची. डिसेंबर २०२१मध्ये त्या ओळखीला एका चारचाकीची जोड मिळाली. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून साधारण ६०,००० रुपयांत जीपच्या तोंडवळ्याची छोटी गाडी बनवली होती. ती सुरू व्हायची किक मारून. आनंद महिंद्रांनी ती पाहिली, बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहारांच्या दारात आलीही. या सौद्यात फायदा नक्की कोणाचा झाला, यावर कडेगाव तालुक्यात अजून एकमत नसावं.

खोड एकट्या लोहारांची नाही, मुलखाचीच आहे. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढून लोखंडी नांगर बनवले. साताऱ्याकडे कूपरांची डिझेल इंजिनं निघाली. पुढे साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तयार व्हायला लागली आणि पेट्रोल उतरेना म्हणून स्कूटर आडवी कलंडवून, पुन्हा उभी करून किक मारण्याचं शास्त्र घराघरांत पोचलं. त्यामुळे एमएच-१० असो की एमएच-११, दहा-बारा नंबरचा पाना ज्या घरात नाही तिथे सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतात, असं म्हणायला हरकत नाही.

पण या सगळ्या विद्येचा पाया क्लच आहे. आणि ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडलच नसतं.

जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून अमेरिकेने डाव्या पायाला सुट्टी दिली. आपल्याकडे अशा गाड्या आल्या त्या संस्थानिकांच्या, वकिलातींच्या नाही तर सिनेमावाल्यांच्या हौसेने. त्यातली एखादी शेवरले इम्पाला हातोहात फिरत साताऱ्याच्या एखाद्या अंगणात येऊन थांबते. दोनच गिअरचा पॉवरग्लाइड, तोही घसरणारा. मालक ठरवतो, गिअरबॉक्स घरीच उतरवायचा. ही बातमी पेठेत पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

पहिला सल्लागार विचारतो, "क्लच प्लेट बघितली का, काका?" क्लच प्लेट नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे, असं काकांनी सांगितलं की तो म्हणतो, "मग तिथंच लोचा असणार." कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे, इंजिन एक फिरवतं, तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. हे ऐकून सल्लागार गप्प होतो आणि बाकीच्यांना समजावून सांगायला लागतो.

खरी करमणूक गाडीखाली असते. जुन्या अमेरिकन गिअरबॉक्सच्या ऑइल पॅनला पुष्कळदा ड्रेन नटच नसतो. पॅनचे बोल्ट एका बाजूने ढिले करत जायचे, म्हणजे तेल त्या कडेने हळूहळू उतरतं, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात पॅनला चिकटलेलं गॅस्केट शेवटच्या क्षणी सुटतं आणि लाल तेल परातीत न पडता मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून बनियनमध्ये शिरतं. परात स्वयंपाकघरातली आहे हे वहिनींना याच वेळी कळतं.

मग प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, कूलरचे पाइप, लिव्हरच्या सळया. ही कामं कोणीही करील. कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला धरणारे बोल्ट मात्र एका वेळी एकच दिसतात. पुढचा दिसावा म्हणून एकाने पुढून क्रँक पुलीला पाना लावून इंजिन फिरवायचं. "थोडं... अजून थोडं... गेला की पुढं!" हा संवाद अंगणात दुपारभर चालतो. बेल हाउसिंगचा सगळ्यात वरचा बोल्ट कोणालाच दिसत नाही. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून तो आंधळेपणानेच शोधावा लागतो. तो सापडला की सल्लागारांपैकी निम्मे तरी म्हणतात, "मी सांगितलेलंच."

कन्व्हर्टरसकट हे धूड सहज साठ किलोच्या घरात जातं. शेतावरची चेन पुली, लाकडाचे ठोकळे आणि शेजारची दोन तरणी पोरं असा सरंजाम लागतो. गिअरबॉक्स मागे सरकला की इंजिनची शेपूट खाली येते, म्हणून त्याखाली आधी टेकू द्यायचा. गिअरबॉक्स पुढे झुकला की कन्व्हर्टर सुटून पायावर येतो, म्हणून तोही बांधून घ्यायचा. हे दोन्ही विसरणारी माणसंच "यात काय एवढं?" म्हणून कामाला सुरुवात करतात, असा आजवरचा अनुभव आहे.

परत चढवणाऱ्यांसाठी एकच सांगणं. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलताना पंपाच्या खाचेत पुरता बसला पाहिजे; टक-टक करत तो टप्प्याटप्प्याने आत जातो. तो बाहेर राहिला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स जबरदस्तीने इंजिनला भिडवला, तर पंप फुटतो आणि सगळा सोहळा पुन्हा पहिल्यापासून. आणि गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर ठेवून खाली शिरू नका. लोखंडी स्टँड विकत घ्या, शेजाऱ्याकडून मागून आणा, नाही तर देवराष्ट्र्याच्या मुलखात आहातच, चांगल्या लोहाराकडून बनवून घ्या.