मतांनी हरलेला बग

कच्च्या सॉफ्टवेअरमधला बग कसा कळवावा, याचा वस्तुपाठ आळंदीत आहे. आख्यायिका सांगते, ज्ञानोबांनी संत एकनाथांच्या स्वप्नात जाऊन कळवलं: समाधीवरच्या अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागते आहे, आळंदीला येऊन काढ. ठिकाण, बिघाड, अपेक्षा, सगळं एका दमात. शिवाय नाथांचाही घसा दुखत होता म्हणतात. म्हणजे बग दुसऱ्या मशिनवरही दिसला!

आता तळवड्याच्या आयटी पार्कात बसलेल्याला बीटा चाचणीवाल्यांकडून काय येतं? ‘ॲप चालत नाहीये. अर्जंट.’ अहो, कुठल्या बिल्डवर? काय दाबल्यावर? ‘कालपर्यंत चालत होतं.’ त्यावर डेव्हलपरचं ठेवणीतलं उत्तर: ‘माझ्याकडे चालतंय.’ तिकीट बंद, चहाला चला.

नाथ चहाला गेले नाहीत. ते आळंदीला आले आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळपास 300 वर्षं नकलणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ निपटले, आणि यात आपली ओवी घालू नका अशी पुढच्यांना तंबीही देऊन ठेवली. फक्त दुरुस्ती, नवं फीचर नाही. असा रिलीज मॅनेजर आज कुठल्या कंपनीला परवडेल?

उलटा नमुना मायक्रोसॉफ्टचा. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं नवं अपडेट आलं आणि काहींच्या डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या फायली उडाल्या. ज्यांनी फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने फालतू समजून पुसला. आत काही आहे का, हे बघायचे कष्ट घेतले नाहीत. गंमत पुढेच आहे. अपडेट बाजारात येण्याआधीच चाचणीतल्या लोकांनी हे कळवलं होतं. पण तिथे तक्रार वर चढते ती मतांवर, आणि या तक्रारीला मतं पडली थोडी. साहजिक आहे. फायली उडतात दहा हजारांत एखाद्याच्या, आयकॉनचा रंग खुपतो सगळ्यांना. कंपनीने अपडेट मागे घेतलं आणि तक्रारीच्या फॉर्मवर ‘बिघाड किती गंभीर?’ हा रकाना वाढवला. ज्याचं घर जळालं त्याला आता आग किती मोठी होती ते लिहायची सोय झाली.

तेव्हा मतं जमवा, की काम झालं? तसं समजू नका. त्याच आळंदीतल्या इंद्रायणी नदीचा फेस बघा. वरून न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन येतं, आणि वारीच्या तोंडावर घाटाला पांढरी साय धरते. ठिकाण ठाऊक, कारण ठाऊक, पुन्हा करून दाखवायचीही गरज नाही, तो आपणहून पुन्हा होतो. फोटो पेपरात छापून येतात, लाखो वारकरी त्यात पाय बुडवून साक्ष देतात. एवढी मतं जगातल्या कुठल्याच बगला पडली नसतील. तरी दरवेळी पाहणी, नमुने, नोटिसा, आणि तिकिटावर तोच शेरा: ‘काम सुरू आहे.’

मायक्रोसॉफ्टने निदान बिघडलेली आवृत्ती मागे घेतली. इंद्रायणीची जुनी आवृत्ती कुठल्या साहेबांच्या सर्व्हरवर जपून ठेवली आहे, तेवढं कळवा. पासवर्ड आम्ही शोधू.